पळी हातात घे, मग बोल

इंदुताईंची आणि माझी पहिली भेट झाली त्याच दिवशी मी त्यांच्याशी खोटं बोलले आणि पाच मिनिटांत पकडले गेले.

साल २०१४. बदली होऊन मी कासाजवळच्या एका शाळेत नुकतीच रुजू झाले होते. एकटी राहत होते आणि एकटं माणूस जेवतं तसं जेवत होते. शाळेतल्या एका बाईंनी सुचवलं, "गंजाडला आमच्या जुन्या इंदुबाई राहतात. आता निवृत्त आहेत. एक सोडून एक शनिवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात खाण्याच्या गप्पा रंगतात. जाऊन ये एकदा."

मी गेले. आत तिघी होत्या. चुलीशी स्वतः इंदुताई. दाराशी टोपली उतरवून बसलेल्या भिमाबाय. त्यांचं माहेर झाईचं, सासर डहाणूचं. सकाळी कासाच्या बाजारात मासे विकायचे आणि परतताना गंजाडला उतरायचं, हा त्यांचा शिरस्ता. तिसऱ्या शेजारच्या हंसाबेन, शिवणकाम करणाऱ्या, एका वाक्यात मराठी आणि गुजराती दोन्ही वापरणाऱ्या.

इंदुताईंनी माझं नावही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "आज काय केलंस?"

मी चहात खारी बुडवून खाल्ली होती. ते सांगायची लाज वाटली. म्हटलं, "भरली वांगी."

"वांगी?" भिमाबाय म्हणाल्या. "आज कासाला बाजारात औषधाला वांगं नव्हतं. तुमाला कोणी दिली गो बाई?"

हंसाबेन पदरात तोंड घालून हसायला लागल्या. इंदुताईंनी चुलीवरच्या आमटीतली पळी धुऊन माझ्या हातात दिली, मला खिडकीसमोरच्या पाटावर बसवलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे पळी ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी गप्प बसायचं. आता खरं सांग."

मी खारीचं सांगितलं. त्यावर त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "मऊ पडलेली होती की कुरकुरीत?" आणि पुढची दहा मिनिटं आम्ही चौघी खारीवर बोललो. माझ्या एकटीच्या जेवणाकडे कोणी इतकं लक्ष दिल्याला फार दिवस झाले होते.

इंदुताईंनी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. त्याबद्दल त्यांचे विद्यार्थी या गौरवग्रंथात लिहितीलच. मला लिहायचं आहे ते निवृत्तीनंतरच्या स्वयंपाकघराबद्दल. तिथला दंडक असा की सणाचं, पाहुण्यांसाठीचं काही सांगायचं नाही. आज घरात जे शिजलं तेवढंच सांगायचं. उडदाचं वरण, शेवग्याच्या पाल्याची भाजी, तांदळाची भाकरी, परवाच्या बोंबलांचं आज काय केलं ते. "सणाला सगळेच चांगलं करतात," इंदुताई म्हणत. "मंगळवारी काय करता ते सांगा." बचत गटाच्या बायकांपुढे बोलायला बोलावलं तरी त्या हेच विचारत आणि लाजून मागे बसलेल्या बाईच्या हातात पळी देत. ती बाई आधी खाली बघे, मग हळूहळू अशी काही बोलू लागे की सगळ्या अवाक होत.

पळीच्या या नियमावर मी दोन वर्षांनी एका दिवाळी अंकात लेखही लिहिला. त्यात मी त्यांच्या आणखी काही गोष्टींचं कौतुक केलं होतं. भाताला उकळी आली का, हे त्या झाकणावर बोटं टेकवून ओळखत. फोन उचलत नसत, म्हणत, "फोनवर कसली चव सांगतेस, इकडे ये." बोलणाऱ्याला नेहमी उजेडात बसवत; म्हणत, "पदार्थ सांगताना माणसाचा चेहरा दिसला पाहिजे, अर्धी कृती चेहऱ्यात असते." हे वाक्य मी लेखाच्या चौकटीत छापायला दिलं होतं. भिमाबाय आल्या की आधी आपला बर्फातला गार हात इंदुताईंच्या दंडावर ठेवत, इंदुताई "मेले गं!" म्हणून ओरडत आणि आम्ही दर वेळी हसत असू. तेही लिहिलं होतं.

एक गोष्ट मात्र लिहिली नव्हती, कारण ती माझी होती.

माझी आई तेव्हा भावाकडे होती. तिची स्मृती जात चालली होती. एका सुट्टीत मी गेले, तिच्यासाठी वरणभात केला, तिला भरवला. दोन घास खाऊन ती माझ्याकडे कौतुकाने बघत म्हणाली, "छान करतेस गं वरण. कोणी शिकवलं? आईने?"

मी "हो" म्हटलं.

परत आल्यावर हे मी कोणालाही सांगितलं नाही. एका शनिवारी हंसाबेन आणि भिमाबाय यायच्या आधी मी गंजाडला पोचले. इंदुताई माझ्याकडे पाठ करून भाकऱ्या थापत होत्या. त्यांच्या पाठीकडे बघून बोलणं सोपं गेलं. मी सगळं सांगितलं, आईच्या त्या "आईने?" पर्यंत. त्यांनी मध्ये एकदाही "अरेरे" म्हटलं नाही, उपदेश केला नाही. शेवटची भाकरी तव्यावर टाकून त्या वळल्या, माझ्याकडे क्षणभर बघितलं, ताट वाढलं आणि म्हणाल्या, "जेव आधी."

त्या शांतपणावर मी पुढची दोन वर्षं काढली. आई गेली तेव्हाही मला वाटत होतं की जगात एका माणसाने माझं हे सगळं पुरतं ऐकून घेतलं आहे.

२०१८च्या अखेरीस डहाणू-तलासरीकडे जमीन हलायला लागली. आधी गडगड आवाज येई, मग धक्का. कोणी अंगणात ताडपत्री बांधून राहू लागलं, कोणी चूल बाहेर मांडली. हंसाबेननी इंदुताईंच्या फळीवर पेल्यावर पेला उपडा ठेवला होता. "आ पेला पडला की पळायचं, बस. विचार नाय करायचा."

अशाच एका शनिवारी दुपारी आम्ही आतच होतो. इंदुताई जमिनीवर बसून दगडी खलात जवळ्याची चटणी कुटत होत्या. फळीकडे त्यांची पाठ होती. गडगड झाली, पेला खण्णकन फरशीवर पडला आणि आम्ही तिघी अंगणात धावलो. मागे वळून पाहते तर इंदुताई तशाच बसलेल्या. बत्ता वर जात होता, खाली येत होता.

"ताई!" मी ओरडले. "इंदुताई! बाहेर या!"

बत्ता वर गेला, खाली आला.

माझ्या मनात काय काय येऊन गेलं! यांना झटका आला का? हट्टाने बसल्या आहेत का? मी पुन्हा ओरडले आणि तिथेच उभी राहिले. माझा पाय उचलला नाही, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. भिमाबाय आत धावल्या, त्यांनी इंदुताईंच्या दंडावर आपला गार हात ठेवला आणि त्यांना ओढत बाहेर आणलं. त्या दोघी उंबऱ्याबाहेर आल्या आणि आत कौल कोसळल्याचा आवाज झाला. नंतर पाहिलं तर चटणीच्या खलात कौलाचे तुकडे होते.

अंगणात इंदुताईंनी आमचे पांढरे पडलेले चेहरे पाहिले आणि विचारलं, "काय झालं?"

भूकंपाने बसला नाही तेवढा धक्का मला या दोन शब्दांनी बसला. आणि मी काय उत्तर द्यावं? त्या घाबरू नयेत म्हणून माझ्या तोंडून पटकन निघालं, "काही नाही, ताई."

इंदुताईंचा चेहरा असा पडला की तो मी जन्मात विसरणार नाही.

"मोठ्या बाई, आता सांगून टाका," भिमाबाय इंदुताईंना म्हणाल्या. भिमाबायना सगळं आधीच ठाऊक होतं. पूर्वी एकदा चार वेळा दारातून "मावरं घ्या" ओरडून इंदुताई वळल्या नाहीत, तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं. तेव्हापासून तो गार हात. हंसाबेन त्यांच्यावर उखडल्या, "तने खबर होती, ने आम्हाला सांगितलं नाय?" भिमाबाय म्हणाल्या, "मी कशाला सांगू? कान त्यांचा."

इंदुताई ताडपत्रीवर बसल्या आणि आम्हाला समोर बसवून बोलल्या. निवृत्तीच्या सुमारास ऐकू येणं कमी होऊ लागलं. आम्ही भेटलो तोवर जवळपास संपलं होतं. बोलणारीचे ओठ दिसले तर कळे, पण एका वेळी एकच बोलली तर. म्हणून पळी. म्हणून खिडकीसमोरचा पाट. आज जमीन हलली तेव्हा त्यांना वाटलं, आपल्याच कुटण्याने फरशी हादरते आहे.

"पण लपवलंत का?" मी विचारलं.

"माझ्या सासूबाईंना ऐकू येत नसे," त्या म्हणाल्या. "आम्ही जावा स्वयंपाकघरात हसत असू. त्या विचारायच्या, 'काय गं, काय झालं?' आम्ही म्हणायचो, 'काही नाही.' पुन्हा कोण सांगत बसणार? मी स्वतः शंभर वेळा म्हटलं असेल. सासूबाई शेवटी स्वयंपाकघरात यायच्याच बंद झाल्या. मला तुमच्या गप्पांतून बाहेर जायचं नव्हतं गं."

परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ज्याला मी त्यांचा विचार समजले, जे मी चौकटीत छापलं, ते सगळं बहिरेपण निभावण्यासाठी होतं. आणि भाकऱ्यांचा तो शनिवार? त्यांची पाठ होती माझ्याकडे. एक शब्दही त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. दोन वर्षं मी ज्या आधारावर उभी होते, तो नव्हताच. मला त्यांचा राग आला. त्या रागाची लाजही वाटली.

पुढच्या खेपेला जावं की नाही, इथपर्यंत मी आले होते. गेले. चूल आता अंगणात चिकूच्या झाडाखाली होती. मी मुद्दाम लवकर पोचले होते. त्यांच्या समोर, उजेडात बसून विचारलं, "ताई, दोन वर्षांपूर्वी मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती. तुम्ही भाकऱ्या थापत होतात. ऐकलीत का ती?"

"नाही," त्या म्हणाल्या. लगेच म्हणाल्या, सारवासारव केली नाही. "वळले तेव्हा तू रडत होतीस. काहीतरी मोठं सांगून झालंय, एवढं कळलं. विचारणार होते. पण विचारलं असतं तर तुला सगळं पुन्हा सांगावं लागलं असतं. तेवढी ताकद दिसली नाही तुझ्यात. म्हणून ताट वाढलं." मग म्हणाल्या, "तेव्हापासून मनात आहे माझ्या. आता सांगशील?"

आणि त्यांनी चुलीवरच्या वरणातली पळी धुऊन माझ्या हातात दिली.

मी सांगितलं. त्यांची नजर माझ्या ओठांवरून एकदाही हलली नाही. भाताला उकळी आली, उतू गेला, विस्तवावर चरचरला. तो आवाज मलाच आला, त्यांना नाही, आणि मी उठले नाही. "आईने?" या शब्दाशी त्यांचे डोळे भरले. दोन वर्षांपूर्वी मला जे मिळालं असं मी समजत होते, ते मला त्या दुपारी मिळालं. त्या दिवशी आम्ही करपलेला भात खाल्ला. पुढच्या वेळी कोणी "आज काय केलंस?" विचारलं तर तोच सांगायचा, असं ठरलं.

आता त्यांच्या कानात यंत्र आहे. भाच्याने आग्रहाने बसवून आणलं. पहिल्या दिवशी मोहरी तडतडली आणि त्या दचकून मागे सरकल्या. "फोडणी एवढी ओरडते?" मग दिवसभर आमच्या गप्पा ऐकून म्हणाल्या, "तुम्ही इतकं फालतू बोलता? मी मनातल्या मनात तुमच्या तोंडी फार चांगली वाक्यं घालत होते." हंसाबेन म्हणाल्या, "तो पछी काढून ठेवा ने मशीन!" खरोखरच ते यंत्र बराच वेळ लवंगांच्या डबीत असतं, कारण चार माणसं एकदम बोलली की त्यात नुसता गलका होतो. पळीचा नियम त्यामुळे अजून चालू आहे. आणि त्या स्वयंपाकघरात "काही नाही" हे दोन शब्द म्हणायला आता बंदी आहे.

हे सगळं लिहू का, असं मी इंदुताईंना विचारलं. म्हणाल्या, "लिही. पण जवळ्याची चटणी वाया गेली, तेही लिही." तर लिहिलं.

माझा दिवाळी अंकातला लेख चुकीचा होता का, याचा मी बराच विचार केला. पळी कशासाठीही सुरू झाली असो, ती हातात आल्यावर कितीतरी बायका आयुष्यात पहिल्यांदा कोणी मध्ये न तोडता बोलल्या. ज्यांना ऐकू येत होतं अशा किती जणांनी त्यांना तेवढं बोलू दिलं होतं?

या ग्रंथाच्या प्रकाशन समारंभात आताच्या या लेखाचा काही भाग मी वाचणार आहे. त्या दिवशी यंत्र डबीतच असेल, हे मला माहीत आहे. म्हणून मी पहिल्या रांगेसमोर, उजेडाकडे तोंड करून उभी राहीन आणि एका हातात पळी धरीन. इंदुताई, तुमचे गुडघे धड राहोत, डोळे असेच तीक्ष्ण राहोत. आमची सगळी बडबड त्या डोळ्यांवरच उभी आहे. अजून खूप खूप वर्षं तुम्ही मला "आज काय केलंस?" विचारावं आणि मी खरं सांगावं.

इतक्या वर्षांत ती पळी तुम्ही सगळ्यांच्या हातात दिलीत, स्वतः मात्र कधी धरली नाहीत. वाचून झालं की मी ती तुमच्याकडे देणार आहे. मग आम्ही गप्प बसू. तुम्ही बोला.