पोत्याखालचे पाय

न्येरीकडच्या टेकड्यांवर न्यागुथीसारखी जीभ दुसरी नव्हती. नवरा बिचारा शेळ्यांशी बोलून मन हलकं करी. पण पायात शिरून अंडी घालणाऱ्या पिसवा काट्याने काढाव्यात तर तिनेच. पाय मांडीवर घ्यायची आणि चांगल्या मिशीवाल्यालाही विचारायची, "काय रे, रडणार की गाणार?"

त्या सकाळी गोऱ्या साहेबाच्या शिपायांनी अख्खं गाव काटेरी तारांच्या आत रांगेत उभं केलं. समोर खुर्चीवर गावातलाच कुणी खबऱ्या. डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत पोतं, डोळ्यांपुरती दोन भोकं. पोत्याने मान डोलावली की माणूस ट्रकमध्ये. ट्रकमधून गेलेले बरेचसे परत आलेच नव्हते.

न्यागुथीच्या पाठीला तान्ही पोर होती. रानातल्या बंडवाल्यांना उकडलेला मका-घेवडा तीच पोचवत होती. हे गावात चार जणांना ठाऊक होतं.

तिचा नंबर आला. वर बघायची छाती होईना, म्हणून तिने खाली बघितलं. पोत्याखालच्या डाव्या पायाची करंगळी अर्धी! ती तिनेच वाचवली होती; अर्धीच वाचली. शेजारचा किरागू. काटा बघूनच भोकाड पसरणारा.

पोतं हललं. मान खाली यायला लागली.

"रडणार की गाणार?" ती पुटपुटली.

मान मध्येच अडकली.

"ए बाई, काय बोललीस?" पहारेकरी खेकसला.

"पोरीला विचारतेय, दादा. सकाळपासून किरकिर चाललीय मेलीची."

पोतं आडवं हललं. न्यागुथी सुटली. तिच्या मागे मधवाला गाकुरू होता. त्याने रान पाहिलं होतं ते फक्त पोळ्यांसाठी. त्याच्यासाठी मात्र मान चटकन डोलली. त्याची बायको वामैथा मागेच उभी होती.

पुढे गोऱ्यांचं राज्य गेलं, पण गाकुरू परतला नाही. गाकुरूची जमीन साहेबाने किरागूला दिली होती, ती त्याच्याकडेच राहिली. शिवाय त्याच्या पायांत कायमचे बूट आले. चिखलात बूट, उन्हात बूट. बायको म्हणे, झोपेतसुद्धा! एवढी तोंडाळ न्यागुथी, पण या बाबतीत मुकी. तोंड उघडलं तर वामैथा विचारणारच, 'मग तू कशी सुटलीस गं?'

म्हातारपणी एक दिवस किरागू लंगडत तिच्या अंगणात आला. बूट काढून पाय पुढे केला.

"ताई, चालवत नाही आता."

तिने काटा उचलला. "रडणार की गाणार?"

"रडणार."

तिने काटा खाली ठेवला. "मग इथे नको. वामैथाच्या दारात चल. माझ्या वाटचंही रडायचं राहिलंय. बूट असू देत इथेच."

वाट फुटते तिथे किरागू थांबला. उजवीकडे त्याचं घर होतं. डावीकडे वामैथाचं. शेवटी तो डावीकडे वळला.

वामैथा दारात शेंगा सोलत होती. तिने आधी त्याच्या उघड्या पायांकडे बघितलं.

"ती करंगळी त्या दिवशी मीही पाहिली होती," ती म्हणाली. "बसा. बोला आता दोघंही."