खळ्यावरचं हॉटेल

अंगात येणं, चकवा, भानामती... हे सगळं थोतांड आहे असं सांगणारं पत्रक मी स्वतः लिहिलं, पदरमोड करून छापलं आणि श्रीवर्धनच्या बाजारात फुकट वाटलं. त्यातली एक ओळही आज मागे घेत नाही. तरीही त्या दुपारचं सांगायलाच हवं, कारण ते लपवलं तर मीही खोटाच.

एकोणीसशे एकतीसचा फाल्गुन. बोर्ली पंचतनहून बैलगाडीने तासाभरावर आमचा कोळीवाडा. मुंबईचे वल्लभशेठ तिथे हॉटेल बांधायला निघाले होते. मुंबईत एक, माथेरानला एक अशी त्यांची हॉटेलं होतीच. तिथे साहेबलोक आणि संस्थानिक उतरायचे म्हणे. किनाऱ्यालगतच्या वाड्या त्यांनी घेतल्या होत्या. मधोमध उरलं होतं पारूकाकीचं खळं, जवळा म्हणजे बारीक कोळंबी वाळवायची जागा. काकी विधवा, त्या खळ्यावरच तिचं पोट. ती अंगठा उठवणार असं कळलं आणि मी मुंबईहून धावत आलो.

"काकी, देऊ नकोस. ह्या लोकांच्या लेखी आपण माणसंच नाही!"

"छापल्यावानी बोलतोस रं," ती म्हणाली. "तुजा कागूद शेजारच्या पोरीनं वाचून दावला. लय वराडतोस त्याच्यात."

शेठ तिथेच खुर्ची टाकून बसले होते, ते हसले. "अरे भाई, बाईला मी हॉटेलात नोकरी देतो. डोक्यावर पक्कं छप्पर, महिन्याचा पगार. उन्हात कशाला मरायचं?"

पगार ह्या शब्दाशी काकी अडकली होती, हे मला दिसत होतं.

स्टॅम्पाचे कागद घेऊन कारकून बोर्लीहून यायचा होता. आम्ही तिघं उंडीच्या झाडाखाली थांबलो. भर दुपार, ओहोटी. पाणी इतकं लांब गेलेलं की लाटेचा आवाज आमच्यापर्यंत येईस्तोवर विरून जायचा. खळ्यावरचा जवळा उन्हात गुलाबी चमकत होता... डोळा कधी लागला कळलं नाही.

मी हॉटेलात होतो. खळ्याच्या जागी पांढरी फरशी, उंच खिडक्या. पडद्यांत वारा भरायचा, ते हळूहळू फुगायचे, पुन्हा सैल पडायचे. आत कुठेतरी पियानो वाजत होता. माझ्या अंगात परीटघडीचा कोट होता आणि — लिहिताना लाज वाटते — मी सुखात होतो. तसा सुखात मी कधीच नव्हतो. समुद्राकडे बघता बघता हातातला चहा सांडला. कुणीतरी वाकून फरशी पुसू लागलं. मी खाली न बघता पाय उचलला... आणि परत ठेवला. एवढंच.

जाग आली तेव्हा शेठही डोळे चोळत होते. चेहरा लहान मुलासारखा उजळलेला. "काय पडदे होते!" ते स्वतःशीच पुटपुटले. "वाऱ्याने फुगत होते... अने पियानो! पियानो तर मी ठरवलाच नव्हता!"

माझं स्वप्न सांगायला मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

काकी उठून बसली होती, माझ्याकडे एकटक बघत.

"च्या सांडलास," ती म्हणाली.

"काय?"

"पुसला कुनी, ठाव हाय? पाय उचाललास नि परत ठेवलास, माज्या बोटांवर. त्वांड सुदीक बगितलं न्हायस."

तेवढ्यात कारकून आला. कागद पसरले, शाईची डबी उघडली. काकीने हात पदराखाली घेतला.

"न्हाय."

शेठ चक्रावले. "बाई, शुं थयुं, काय झालं? आत्ता तर तयार होतीस!"

काकीने माझ्याकडे मान वळवली. "ह्यो आमचाच पोरगा. कोट घातला नि ह्यानंबी मना वलखलं न्हाय. मंग तुमी काय वलखाल, शेट?"

शेठ दुसऱ्या दिवशीच्या स्टीमरने गेले, पुन्हा आले नाहीत. खळं राहिलं. मी समजावलं म्हणून राहिलं असं लोक म्हणतात. मी ते खोडून काढत फिरतो.

एक डॉक्टर मित्र म्हणतो, ऊन लागलं असेल. एकाला लागेल. तिघांना एकच स्वप्न?

पुढच्या खेपेला मी काकीला म्हटलं, "अगं, स्वप्नच होतं ते."

ती जवळा पसरता पसरता थांबली. "सपान व्हतं व्हय? मंग मगापासनं माज्या बोटांकडं कशाला बगतोस?"

मी बघत होतो, हे खरं. कशाला, ते मला आजही सांगता येत नाही.