चढावर उतरणारा शेजारी

इथे परदेशात, क्वेकर्स हिलमधल्या आमच्या मराठी शेजाऱ्याचं कशाबद्दलच काही म्हणणं नसतं. "माझं काही म्हणणं नाही, पण..." अशी सुरुवात करून तो अर्धा तास बोलतो. एरवी कोपऱ्यावरून दूध आणायलासुद्धा हा गाडी काढणार.

अशा माणसाला मी बैलगाडीच्या सफरीला नेलं. पूर्वीचे गोरे वसाहतवाले माळरानातून जसे गेले, तसंच दिवसभर जायचं, कपडेही तसेच घालून. गॅलिस लावून, गवती हॅट चढवून हा सारखा बैलांकडे बघत होता. "माझं काही म्हणणं नाही, पण यांना पाणी कधी दाखवलं?"

चढ लागला तसा तो पुढच्या बाजूने खाली उतरला. उतरताना बैलाला पाय लागला, म्हणून त्याने बैलाला नमस्कार केला. "माझं काही म्हणणं नाही, पण यांनी का म्हणून आपल्याला ओढायचं?" हेच त्याने इंग्रजीतही ऐकवलं, तेव्हा शरमेने गाडीतले बाकीचे प्रवासीही उतरले. लांब झगे सावरत, घाम पुसत आमची वरात चढ चढू लागली. "मेट, यात बसायचं असतं!" गाडीवान ओरडला. रिकामी गाडी ऐटीत पुढे गेली.

परतताना घाटात माझी जुनी कार धापा टाकू लागली. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"माझं काही म्हणणं नाही," तो म्हणाला, "पण चढ आहे. एसी बंद कर."

मी निमूट बंद केला. मग त्याचा हात सीटबेल्टकडे गेला, तशी मी घाईघाईने दारं लॉक केली.