चाड्यावरची मूठ

म्हशीचं दावं मनगटाला गुंडाळू नये, एवढी अक्कल आमच्याकडं दुधाचे दात पडायच्या आत येते. मलाही होती. पण त्या संध्याकाळी डोक्यावर घागर होती, एक हात तिला लागत होता, म्हणून दावं उजव्या मनगटाला गुंडाळून मी म्हैस घराकडं आणत होते. तेवढ्यात वेशीत एक वरात आली. नवरदेवाकडच्यांनी तेरखेड्याहून शोभेची दारू आणली होती. पहिला बार उडाला, म्हैस उधळली आणि माझा हात तिच्याबरोबर निघाला. मी मागं राहिले.

शेजारच्या गावच्या हाडवैद्यानं खांदा बसवला, पट्ट्या आवळल्या आणि हात गळ्यात बांधला. हाड जागेवर गेलं, पण दुखणं काही जाईना. शेवटी घरधन्यांनी मला उस्मानाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा होता. म्हणाला, "हाड नीट बसलंय. पण सांध्याभोवती एक पिशवी असते, ती फाटलीय."

"मग शिवा की," मी म्हटलं.

तो हसला. "ती आपली आपण जुळून येते. पण आता हात असाच बांधून ठेवलात तर आखडून जुळेल, मग तो वर जायचा नाही. दुखलं तरी रोज थोडा थोडा हलवा. भिंतीवर बोटं चढवत न्या."

घरी आल्यावर सासूबाईंनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "दुखरं हलवून कुणाचं बरं झालंय? दिवाळीपतोर हात गळ्यातच ऱ्हाऊ दे." बघायला येणाऱ्या बायका उंबऱ्यातच म्हणायच्या, "उजवाच गेला गं बाई!" जसा काही हात वारला होता आणि त्या त्याच्या सुतकाला आल्या होत्या. मला असा संताप यायचा! एकीला मी म्हटलंच, "गेला न्हाय, हितंच हाय. बसा, च्या घेऊन जावा."

माझा जीव कशात अडकला होता, हे कुणी विचारलं नाही. तो चाड्यात अडकला होता. चाडं म्हणजे पाभरीच्या, पेरायच्या अवजाराच्या, नळ्यांवर बसवायची बाभळीची वाटी. बैल पुढं, पाभर मागं आणि तिच्यामागून चालत, ओटीतलं बी मुठीत घेऊन बोटांतून सारखं सोडत राहायचं. ढेकळांत पाय मुरगळो की ऊन डोक्यात शिरो, मूठ हलता कामा नये. मूठ उजवीच लागते. डाव्या हातानं कुणी बी टाकत नाही. आमच्या घरात हा मान आणि ही मेहनत माझी होती. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्याला जोडला होता. सरकारं बदलली, पण आमच्या चाड्यावरचा हात बदलला नव्हता.

तो मृगाला बदलला. धाकट्या जावेला उभं केलं. बिचारीनं घाबरत घाबरत पेरलं आणि तूर कुठं झुबक्यानं उगवली, कुठं नुसतं टक्कल. ती मला म्हणाली, "अक्का, तुमी जल्दी बऱ्या व्हा. मला ह्यो ताप नगं." पण सासऱ्यांनी ठरवूनच टाकलं होतं, की रब्बीचा जोंधळासुद्धा तीच पेरणार. मी ऐकेन अशा बेतानं ते घरधन्यांना म्हणाले, "दुखरा हात थरथरतोय. त्याच्या भरवशावर बी मातीत घालू का?"

त्या दिवशी मी गळ्यातलं फडकं सोडलं आणि त्याचं पोतेरं केलं.

माजघरात एक उंच खुंटी होती. पेरणी सरली की चाडं तिला टांगायचं. मी तीच भिंत धरली. खालून बोटं चढवायची, मुंगीसारखी. छातीपर्यंत येईतो डोळ्यांत पाणी उभं राहायचं. मी भिंतीला शिव्या घालायचे, म्हशीला घालायचे, त्या नवरदेवालाही सोडलं नाही. नवरात्राला सासूबाईंनी भिंत पांढऱ्या मातीनं सारवली आणि माझ्या बोटांच्या सगळ्या खुणा मिटवल्या. दुसऱ्या दिवशी मी ओल्या भिंतीवर नव्या उमटवल्या. तोवर बोटं खांद्याच्या वर जायला लागली होती. खुंटी मात्र अजून लांब होती. पण चाडं छातीच्या उंचीला असतं, खुंटीच्या नव्हे, एवढं मला कळत होतं.

हस्ताचा पाऊस उघडून माती पेरण्याजोगी वाळली, त्या वापशावर पाभर जुंपली. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. सासरे म्हणाले, "थोरलीला पयलं तास धरू द्या. मान तिचा हाय. मग धाकटी पेरंल." सगळ्यांना वाटलं, म्हातारा किती समजूतदार! मला मात्र ते झोंबलं. मानाचं तास म्हणजे देवाला दाखवून परत घ्यायचा नैवेद्य.

मी पदर खोचला. ओटी बांधली, मूठ चाड्यावर धरली. घरधन्यांनी बैल हाकले. पहिलं तास वावराच्या टोकाला सरलं, बैल वळले. जाऊ बांधावरून नाइलाजानं उठली. मी मूठ काढली नाही.

आमच्या घरात सुना सासऱ्यांशी समोरासमोर बोलत नसत. म्हणून मी लेकी बोले सुने लागे हे उलटं फिरवलं आणि जावेला मोठ्यांदा म्हटलं, "बस तू खाली. एका वावरात दोन मुठी चालत न्हायत. मामांनीच शिकवलंय मला."

हा नियम खरोखर सासऱ्यांचाच होता. मूठ बदलली की बी दाट-पातळ पडतं, म्हणून एक वावर एकाच हातानं पुरं करायचं, हे त्यांनी मला नवी नवरी असताना बजावलं होतं. आता स्वतःचाच शब्द ते कसा गिळणार? त्यांनी बैलांकडं तोंड फिरवलं. मग म्हणाले, "हाका की. उन्हं चढायलीत."

दुपारपासून खांद्यात कुणी तरी कुदळ घालतंय असं वाटत होतं. मी दात आवळून चालले. घरधनी सारखे मागं वळून बघत. मी म्हटलं, "फुडं बघा, तास वाकडं जाईल." दिवस कलला तेव्हा वावर पुरं झालं. मूठ उघडायला जावेला माझी बोटं एकेक करून सोडवावी लागली. ती रडत होती, मी हसत होते.

जोंधळा उगवला. बांधावर उभं राहून बघितलं, तर ओळी फणीनं विंचरल्यासारख्या. सासरे त्या दिवशी रानातून आले ते हातोडा मागतच. माजघरातल्या त्याच भिंतीत, माझा हात सहज जाईल एवढ्या उंचीवर, त्यांनी नवी खुंटी ठोकली, चाडं तिला अडकवलं आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेले.

त्यांची माया मला कळली. बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू. पण ती खुंटी त्या दुखऱ्या हातासाठी होती आणि माझा हात मला तेवढ्यावर ठेवायचा नव्हता. मी चाडं काढलं, उजव्या हातात धरलं आणि टाचा उचलल्या. खांदा कडकडला. चाडं जुन्या खुंटीला अडकलं.

खालच्या खुंटीला पुढं लेकरांच्या टोप्या राहिल्या.