‘काहीही संबंध नाही’ असं मी लिहिलं

शाहूपुरीतल्या एका पशुखाद्य कंपनीच्या ऑफिसात मला प्रसिद्धी अधिकारी म्हणून नोकरी लागली, तेव्हा घरातल्यांना हसू आवरेना. घरी कोणी आलं की मी पाण्याचा तांब्या ठेवून आत पळायची. गडमुडशिंगीच्या आमच्या गल्लीत निम्म्या लोकांनी माझा आवाज ऐकला नसेल. त्याआधी तीन वर्षं मी एका दैनिकात मुद्रितं तपासत होते. तिथे बोलावं लागत नसे, म्हणून ते काम मला आवडायचं.

मालकांनी मुलाखतीतच सांगितलं होतं, "मला खरं तर बोलका माणूस पाहिजे होता. पण तुमचं लिहिणं बरं आहे. बोलायचं हळूहळू शिका."

शिकायचं कुणाकडून, हेही ठरलेलंच होतं. आमचे विक्री व्यवस्थापक म्हणजे दणदणीत माणूस. जिना चढायच्या आधीच त्यांचा आवाज वर यायचा. वार्ताहरांच्या पाठीवर थाप मारायची, दुकानदाराच्या घरी थेट चुलीपर्यंत जायचं, रागावलेल्या माणसाला दोन मिनिटांत हसवायचं, हे त्यांना सहज जमे. मी वर्षभर त्यांची नक्कल केली. आरशासमोर उभी राहून "नमस्कार साहेब, काय म्हणतंय कोल्हापूर?" असं मोठ्यानं म्हणून बघितलं. एकदा खरंच एका वार्ताहराला तसं म्हणाले, तर तो म्हणाला, "मॅडम, बरं वाटत नाही का आज?"

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. बातमी म्हणजे टाइप केलेला कागद आणि फॅक्सचं यंत्र. पावसाळ्याच्या मध्यावर एका दुपारी कुरुंदवाडच्या आमच्या दुकानदाराचा फोन आला. त्याच्याकडून नेलेली गोळीपेंड खाऊन जवळच्या एका गावातली जनावरं आजारी पडली होती. दोन म्हशी मेल्या होत्या. सात-आठ जनावरं चारा तोंडात धरत नव्हती.

मालकांनी मला आत बोलावलं. विक्री व्यवस्थापक तिथे आधीच बसले होते.

"चारच्या आत प्रेसनोट गेली पाहिजे," मालक म्हणाले. "लिहा, की या घटनेशी आमच्या पेंडीचा काहीही संबंध नाही. पावसाळ्यात साथी येतातच."

"पेंड तपासली का?" मी विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी "काय?" म्हणून परत विचारलं.

"तपासू की. नंतर तपासू. आधी तोंड बंद करायला पाहिजे लोकांची."

मी बाहेर येऊन टेबलाशी बसले. समोर कोरा कागद. मुद्रितं तपासणारीला एक वेलांटी चुकली तरी झोप येत नाही, आणि इथे मला माहीतच नसलेली गोष्ट छातीठोक लिहायची होती. पण नोकरीला दोन वर्षं होत आली होती. मी बुजरी आहे, मला जमत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्या दिवशी मला जमवून दाखवायचं होतं. मी लिहिलं. भाषा नेहमीसारखी स्वच्छ होती. मालकांनी वाचून मान डोलावली. "आता तुम्ही तयार झालात," म्हणाले. खरं सांगते, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी छापून आली, आणि दहाच्या सुमाराला दुकानदाराचा परत फोन आला. गावातली माणसं मेलेली म्हैस ट्रॉलीत घालून त्याच्या दुकानासमोर घेऊन आली होती आणि शटर उघडू देत नव्हती.

"चला मॅडम," विक्री व्यवस्थापक म्हणाले. "तुम्ही नुसतं शेजारी उभं राहायचं. बोलायचं काम माझं."

जीपमध्ये ते आणि मी मागे, पुढे ड्रायव्हर. पंचगंगेच्या पुलाला पाणी टेकायला फार राहिलं नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, तीनच्या आत परत फिराया पायजे. न्हायतर अडकलो." व्यवस्थापक वाटेत मला समजावत होते की जमाव म्हणजे काही नाही, एकाला हसवलं की बाकीचे ढिले पडतात.

दुकानासमोर शे-दीडशे माणसं असतील. ट्रॉलीवर ताडपत्री होती, पण पाय बाहेर आले होते. आम्ही उतरलो तसे लोक बाजूला सरकले आणि मागून परत जवळ आले. मला ते पाठीवर जाणवलं.

"राम राम मंडळी!" व्यवस्थापकांनी सुरुवात केली. "अरे, एवढं तापायला काय झालं? पावसात भिजून सर्दी हुईल की!"

कुणी हसलं नाही.

"पावणं," एक म्हातारा माणूस पुढे आला, "चेष्टा करायला आलाय काय? आमच्या दावणीला मढं पडलंय." त्याच्या हातात त्या दिवशीचा पेपर होता. "काय लिवलंय ह्यात? कायबी संबंद न्हाय? तुमी बघाय आलता काय म्हस?"

व्यवस्थापकांनी आवाज चढवला. साथ असेल, चाऱ्यात काही गेलं असेल, असं काहीबाही ते बोलत गेले. जितकं बोलत होते तितकी माणसं जवळ येत होती. कुणीतरी जीपच्या बॉनेटवर जोरात हात मारला.

त्याच वेळी माझ्या मागे दोन माणसं हलक्या आवाजात बोलली. "गाडी बिडब्याड. कीली कसगो." गाडी सोडू नका, किल्ली काढून घ्या. पाठोपाठ आणखी एकजण कानडीत म्हणाला, की ह्या बोलणाऱ्याला गोदामात कोंडू आणि मालकालाच बोलावू.

त्यांना वाटलं असेल की ऑफिसातल्या बाईला हे कळणार नाही. माझी आई सीमेकडची. आमच्या घरात चुलीपाशी कानडी आणि बाहेर मराठी. शाळेत मुलं चिडवायची म्हणून मी ती भाषा उंबऱ्याच्या आत ठेवली होती. ऑफिसात तर कुणालाच माहीत नव्हतं.

व्यवस्थापकांना सांगायला जावं तर तेवढा वेळ नव्हता. एक तरुण ड्रायव्हरच्या दाराशी पोचलाही होता. मी मागे वळले आणि त्या म्हाताऱ्याच्या हातातल्या पेपराकडे बोट करून म्हणाले, "अदन्न नान बरदीनरी." ते मी लिहिलंय.

मग मागून कोणीतरी "काय म्हणती?" म्हणून विचारलं, आणि म्हाताऱ्यानंच मोठ्यानं मराठीत सांगितलं, "ती म्हणती, हे तिनं लिवलंय."

"मग सांग की!" बाया-माणसांतून एक बाई पुढे आली. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, डोळे रडून लाल. मेलेली म्हैस तिची होती. "गाभन हुती माजी म्हस. कशावरनं लिवलंस, कायबी संबंद न्हाय म्हणून?"

मी म्हणाले, "कशावरनंच नाही. मी न बघता लिहिलं. कशानं मेली ते मला माहीत नाही."

व्यवस्थापक माझ्या कानाशी दबक्या आवाजात खेकसले, "मॅडम, गप्प बसा!"

त्यानंतर लोक शांत झाले असं मुळीच झालं नाही. उलट एकदम गलका उठला. "बघा, कबूल झाली!" "धरा ह्यांना!" ड्रायव्हरच्या हातातून किल्ली गेली. मला कुणीतरी खांद्याला धक्का दिला. पण त्या बाईनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली.

"निम्म ऊर यावद्री?" तिनं विचारलं. तुमचं गाव कोणतं? मी आईच्या माहेरचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "बघितलं न्हाईस न्हवं? चल, बघ."

तिचा गोठा मळ्यात होता, चिखलातून पाव कोस. अर्धा जमाव आमच्याबरोबर आला, अर्धा जीपपाशी व्यवस्थापकांना घेरून राहिला. दावणीला दुसरी म्हैस मान खाली घालून उभी होती. पुढ्यातल्या वैरणीला तिनं तोंड लावलं नव्हतं. कोपऱ्यात आमचं पोतं होतं, वर आमचं बोधचिन्ह, ज्याचा आकार मीच मोठा करून घेतला होता. मी त्यात कोपरापर्यंत हात घातला. वरच्या गोळ्या ठीक होत्या. खाली हाताला ऊब लागली, आणि ढेकळं. बाहेर काढलं तर हिरवट-काळी बुरशी, आणि वास असा की मी तोंड फिरवलं.

"पोतं कधी फोडलं?" मी विचारलं.

"आणल्यावर तिसऱ्या दिशी. भिजलं न्हाय हां, कोरड्यात हुतं. वास येतोय म्हणून दुकानदाराला सांगितलं बी. तो म्हणला, नवीन मसाला घातलाय कंपनीनं."

जनावरांच्या डॉक्टरांना गावानं आधीच बोलावलं होतं. ते आले, म्हशीला तपासलं, पोत्यातली ढेकळं हातात फोडून बघितली. म्हणाले, "पक्कं कळायला नमुना तपासायला पाठवावा लागेल. पण मी असतो तर ही पेंड आता एका जनावरालाही घातली नसती."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला अधिकार नव्हता. मालकांना विचारायचं तर फोन दुकानात, आणि विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते हे मला ठाऊक होतं. मी आधी मराठीत सांगितलं आणि मग कानडीत. ही पेंड कुणीही घालू नका, उघडलेली आणि न उघडलेली सगळी पोती बाजूला ठेवा, शेजारच्या गावांनाही आजच कळवा. हे मी कंपनीची म्हणून सांगतेय. माझा आवाज काही मोठा नव्हता. पुढची माणसं मागच्यांना सांगत होती.

किल्ली परत मिळायला आणखी तासभर गेला. दुकानदारानं पोत्यांचे नंबर लिहून दिले, नमुने सीलबंद झाले, मी कागदावर सही केली. पूल ओलांडला तेव्हा पाणी कठड्याखालून दिसत होतं. जीपमध्ये व्यवस्थापक म्हणाले, "कंपनीची म्हणून सांगितलंत. कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

"उद्या मला विचारतील. मी तुमच्या बाजूनं बोलणार नाही, आधीच सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात न जाता आधी एमआयडीसीतल्या कारखान्यात गेले. पोत्यांचे नंबर दाखवल्यावर तिथल्या सुपरवायझरनं दार लोटून घेतलं. गोळ्या थंड करणारं यंत्र आठवडाभर बंद होतं. माल अडू नये म्हणून गरम गोळ्याच पोत्यांत भरल्या होत्या. आतल्या आत वाफ धरली, पाणी सुटलं. "मी वर सांगितलं होतं मॅडम," तो म्हणाला. "माझं नाव येऊ देऊ नका."

मालकांच्या खोलीत मला कुणी बसा म्हणालं नाही.

"माझा कारखाना तुम्ही कानडीत विकून आलात," ते म्हणाले.

मी दुसरी प्रेसनोट लिहून नेली होती. ती टेबलावर ठेवली. कालची माहिती चुकीची होती. अमुक नंबरांची पोती परत घेत आहोत. ज्यांची जनावरं गेली त्यांची नुकसानभरपाई देऊ. झाल्या प्रकाराबद्दल आम्ही दिलगीर आहोत. ते वाचत होते आणि मी त्यांच्या टेबलाच्या काचेत माझेच हात बघत होते.

"आणि मी ही दिली नाही तर?"

"तर नमुन्याचा निकाल आल्यावर दुसरं कुणीतरी देईल. तोवर आणखी जनावरं मरतील. आणि मी राजीनामा देईन." शेवटचं वाक्य मी ठरवून बोलले नव्हते.

त्यांनी व्यवस्थापकांकडे बघितलं. व्यवस्थापक खिडकीकडे तोंड करून उभे होते. बोलणार नाही म्हणाले होते. पण न वळताच म्हणाले, "साहेब, काल माझ्या बोलण्यानं जीव चालला होता आमचा. ह्या बोलल्या म्हणून परत आलो."

मालकांनी पेन घेतलं आणि ‘दिलगीर’ असलेलं वाक्य खोडलं. ‘माहिती चुकीची होती’ हेही खोडून वर ‘अपुरी’ लिहिलं. "एवढं करा आणि पाठवा."

मी पाठवली. इतकं बोलून झाल्यावर त्या दोन खोडण्यांसाठी मी भांडले नाही. पोती परत येतील, जनावरं वाचतील, मग एका वाक्यानं काय बिघडतं, असं मी स्वतःला समजावलं. परिस्थितीशी जुळवून घ्यायला मी त्या तीन दिवसांत शिकले, असं ऑफिसातले लोक म्हणत. मला मात्र आजही पक्कं सांगता येत नाही की त्यातलं कुठलं जुळवून घेणं होतं आणि कुठलं वाकणं. पहिली नोट लिहितानाही मी जुळवूनच घेत होते.

पोती परत आली. नमुन्याचा निकाल बुरशीचाच आला. मला महिनाभरात प्रसिद्धीतून काढून पत्रव्यवहाराच्या विभागात बसवलं. वर्षानंतर मी ती नोकरी सोडली आणि एका रुग्णालयात जनसंपर्काचं काम धरलं. पुढच्या दशकात फॅक्स गेला, मोबाईल आले, मग वाहिन्यांचे माइक थेट तोंडासमोर आले. प्रत्येक वेळी तीच भीती वाटायची. ती गेली नाही, मी तिला घेऊनच कामाला जायची. मोठ्यानं बोलायची नक्कल मात्र परत कधी केली नाही. समोरच्याचं ऐकायचं, माहीत आहे तेवढंच सांगायचं, माहीत नसेल तर तसं सांगायचं. एवढ्यावर वीस वर्षं निघाली.

कंपनी सोडण्याआधी, म्हशी मेल्या त्याच वर्षी दिवाळीनंतर, मी एकटी एसटीनं त्या गावी गेले होते. भरपाई मिळाली होती, दावणीला नवी म्हैस होती. बाई खळ्यावर शेंगा तोडत बसली होती. मला ओळखलं, पण उठली नाही.

मी कानडीत म्हणाले, की पेपरात यायला पाहिजे होतं ते आलं नाही. ते सांगायला आले. माझं चुकलं.

ती शेंगा तोडत राहिली. मान वर न करता म्हणाली, "चार महिनं लागलं व्हय यायला?"

तिनं शेजारचं पोतं माझ्याकडे सरकवलं. मी बसले, आणि अंधार पडायच्या आतली एसटी येईपर्यंत आम्ही दोघी शेंगा तोडत होतो.