लांब दोरा

कपडे आल्टर करणाऱ्या लेकीला घरात सगळे घुमी म्हणत. दुकानातून आली की ती खोलीचं दार लोटून मोबाइलसमोर बसायची. आईच्या मनात पाल चुकचुकली. एका संध्याकाळी चहाचं निमित्त करून ती आत घुसली.

मोबाइलवर सहा चौकोन होते. एकात लेक, बाकीच्यांत तिच्याच वयाची पोरं. सगळी मान खाली घालून हाताने शिवत होती. कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

"मोबाइल बिघडला का गं?"

"नाही. आम्ही रोज असेच सोबतीने शिवतो."

"आणि बोलता कधी?"

"दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलतोच की. इथे कुणाला बोलावं लागत नाही, म्हणून तर बरं वाटतं."

आईने कपाळावर हात मारला. तेवढ्यात तिला एका चष्मेवाल्याची सुई दिसली, आणि जन्मभर शिवणकाम केलेल्या बाईला राहवेना.

"ए चष्म्या, दोरा केवढा लांब घेतलायस! हातभर पुरे. गुंता झाला की बसशील रडत!"

सहाही जणांनी मुकाट्याने दोरा कापला. त्यात लेकही होती. हेच आई तिला लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगत होती.

"काकू, उद्याही या ना!" चष्म्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लेक मोबाइल उभा करून रीळ आणायला गेली. परतली तर तिच्या खुर्चीत आई, केस विंचरून, सुई ओवून.

"आई, जरा सरक ना."

"श्श! इथे बोलायचं नसतं."