देवीचा अर्धा पडदा

नवरात्र तोंडावर आलं होतं आणि मी देवीवर मनापासून वैतागले होते. मी पाळण्यात असताना फार आजारी पडले, तेव्हा आईनं आमच्या हुलसूरकडच्या गावदेवीला नवस बोलला होता: मूर्तीमागचा पडदा स्वतः वेलबुट्टी भरून देईन. पडदा अर्धा झाला, मी बरी झाले आणि आईच तापानं गेली. वडिलांनी तो ट्रंकेत जपून ठेवला. यंदा तेही गेले, तेव्हा तो माझ्या हाती आला. आईचा चेहरा मला आठवत नाही; पण सुईदोऱ्याचं वेड माझ्यात कुठून आलं, ते त्या लाल कापडावरची वेल पाहताच कळलं.

टाके मी बीदरहून आणलेल्या पुस्तकांतली चित्रं बघून शिकलेले. आईचे देठ पुढे न्यायला घेतले, तर जुळेचनात. तिच्या टाक्यांचा कल एकीकडे, माझ्या टाक्यांचा दुसरीकडे. भरायचं, उसवायचं, पुन्हा भरायचं. कापड विरायला लागलं. मला वाढवणारी आत्या भाजी निवडता निवडता म्हणायची, "भरायलीस का उसवायलीस, माय? देवी म्हातारी व्हायली वाट बघून!"

एका दुपारी सुई उजव्या अंगठ्यात खोल रुतली. मी कापड देव्हाऱ्यापुढे टाकलं. "माझ्यानं होत नाही. हवा असेल तर तूच करून घे," म्हणाले आणि रडले. मग अंगठ्याला चिंधी बांधून, निव्वळ चिडून, सुई डाव्या हातात धरली. हात आधी अडखळला, मग चालू लागला. टाके आईच्या टाक्यांच्या पाठोपाठ, त्याच कलानं बसत गेले.

आत्या जवळ येऊन बघत राहिली. "तुझी माय डावखुरी व्हती," ती हळूच म्हणाली. "तूबी व्हतीस. मीच मारून मारून मोडलं."

"मग आधी कामून न्हाई सांगितलंस?"

"देवीचं काम डाव्या हातानं कर, असं कोन्या तोंडानं सांगू गं?"

घटस्थापनेला पडदा मूर्तीमागे लागला. शेजारच्या अक्कांनी विचारलं, "आईचं कुठं सरलं, तुझं कुठून लागलं?" मला दाखवता आलं नाही. याला काय म्हणावं, हे मी ठरवत बसत नाही. त्या दुपारी मी केली ती प्रार्थना नव्हतीच, तक्रार होती; देवीनं ती गोड मानून घेतली. मी माझा हेका सोडला, तेव्हा तिनं हात दिला. मी हात जोडले. त्यातला एक आईचा होता.